बोटीला कूलर

आमच्याकडे कोणतीही वस्तू ढिली झाली की तिच्यावर एकच उपचार सर्वमान्य आहे, आणि तो म्हणजे आवळणे. खाटेची दोरी, ट्रॅक्टरचा नट आणि लग्नाच्या वयाचा मुलगा या सर्वांना तो सारखाच लागू पडतो. त्यामुळे गोसेखुर्द धरणाच्या फुगवट्याकाठच्या आमच्या गावात माझ्या जुन्या मोटरबोटीच्या मागच्या फळीला पाण्याखाली बोल्टाने बसवलेली शिडीची पट्टी हलू लागली आणि बोटीत पाणी साचू लागले, तेव्हा अर्धे गाव पाना घेऊनच विचारपूस करायला आले.

"एक चक्कर अजून देतो न भाऊ," असे म्हणत ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्याने बोल्ट इतका फिरवला की त्याचा वायसर फायबरमध्ये रुतून बसला. पट्टी मात्र हलतच राहिली. शेवटी डोंग्यावर आयुष्य काढलेल्या एका म्हाताऱ्या मासेमाराने पेचकसाची मूठ मागच्या फळीवर जागोजागी आपटून पाहिली. वरच्या बाजूला आवाज टणटणीत आला, बोल्टाजवळ मात्र भद्द आला. "आवळून का होते जी? आतून सडली हाये थे," एवढे बोलून ते विडी पेटवायला बाजूला झाले.

निदान अचूक होते. बोट फायबरची असली तरी अशा बोटींच्या मागच्या फळीच्या पोटात बहुधा प्लायवूड असते. बोल्टाभोवतीचा जुना सीलंट, म्हणजे फट बुजवणारा चिकट लेप, सुटला की पाणी छिद्रातून आत झिरपते, लाकूड मऊ पडते, आणि मग बोल्ट जितका आवळावा तितका तो कुजक्या भागात घुसतो. म्हणून छिद्र मोठे करून सडका भुसा खरवडून काढला, आतली जागा वाळू दिली, घट्ट कालवलेल्या इपॉक्सीने ती भरली आणि त्यातच पुन्हा बोल्टाच्या मापाचे छिद्र पाडले. हे वर्णन एका वाक्यात संपले, पण मे महिन्याच्या उन्हात तापलेला बोल्ट हातात धरून पाहिल्याशिवाय त्यातली गोडी कळायची नाही. हार्डवेअरच्या दुकानदाराने आग्रहाने पुढे केलेली बाथरूमची सिलिकॉन ट्यूब मी नम्रपणे परत केली, कारण सिलिकॉन एकदा लागले की त्या जागी पुढे दुसरे काहीही धड चिकटत नाही.

खरा पेच पाण्याखाली टिकणाऱ्या पॉलियुरेथेन सीलंटने टाकला. तो नुसता वाळत नाही, तर हवेतला ओलावा शोषून घट्ट होतो, आणि त्याला आठवडाभर लागू शकतो. 1988 साली भूमिपूजन होऊन वर्षानुवर्षे रखडलेल्या धरणाच्या काठी राहणाऱ्याला आठवड्याचे कौतुक नाही. अडचण ओलाव्याची होती. पारा पंचेचाळिसावर, हवा पापडासारखी कोरडी आणि ओलावा काय तो फक्त बैठकीतल्या कूलरसमोर. तेव्हा कुटुंबाचा रोष पत्करून मी कूलर अंगणातल्या मांडवात नेला, त्याचे तोंड बोटीच्या मागच्या फळीकडे केले आणि टाकीत दिवसातून दोनदा बादल्या ओतू लागलो. त्याच सुमारास मुक्कामाला आलेल्या व्याह्यांना पंख्याखाली बसवून बोटीला गार वारा घालणारा गृहस्थ म्हणून पंचक्रोशीत माझी जी ख्याती झाली, ती अद्याप टिकून आहे. दुसऱ्या दिवशी व्याह्यांनी आपली खाट उचलून बोटीशेजारी टाकली आणि जेवणसुद्धा तिथेच मागवले.

बोट आता पाण्यात आहे आणि तळ कोरडा आहे. मात्र सीलंट घट्ट झाल्यावर बोल्ट जरासा जरी फिरला तरी त्याच्याभोवतीची पकड सुटते, ही गोष्ट गावाला पटवणे मला जमलेले नाही. येणारा प्रत्येक जण आधी वाकून पट्टी हलवून पाहतो, ती हलत नाही म्हणून थोडा हिरमुसतो आणि मग म्हणतो, "तरी एक चक्कर देऊनच टाका." त्या मापाचा माझा पाना सध्या तुरीच्या कोठीत आहे, आणि ट्रॅक्टरवाल्याचा पाना मी मागून आणला आहे, तो परत करायला मला सवड मिळालेली नाही.