‘दो आँखें बारह हाथ’ : श्रेयाची वाटणी

१९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’ या हिंदी चित्रपटाचे सारे श्रेय त्यावरील एका लेखात व्ही. शांताराम यांच्या पदरात टाकले आहे. दिग्दर्शक, निर्माता आणि आदिनाथ जेलर अशी तिहेरी जबाबदारी त्यांनी पेलली, बैलाशी झुंजीच्या प्रसंगात डोळ्याला गंभीर इजाही करून घेतली, हे खरेच. परंतु सहा खुनी कैद्यांना उघड्या माळावर शेतीला लावणारी ही कथा ग. दि. माडगूळकरांची होती, आणि तिच्यामागे औंध संस्थानातील स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाचा प्रयोग होता, याचा साधा उल्लेखही लेखात नसावा याचे आश्चर्य वाटते. वसंत देसाईंचे संगीत आणि भरत व्यासांनी लिहिलेली प्रार्थना तर कथानकाचाच भाग आहेत. संध्या यांची खेळणीवाली मला काहीशी उपरी वाटते, पण ते असो. बाजारात व्यापाऱ्यांच्या माणसांकडून मार खाताना कैदी हात उगारत नाहीत, त्या प्रसंगात त्या अनोळखी चेहऱ्यांच्या नटांनी जी घुसमट दाखवली आहे, तिच्याविषयी चार ओळी हव्या होत्या. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक आणि १९५८ चे बर्लिनचे रौप्य अस्वल या संपूर्ण चमूच्या कामाला मिळाले.