बदडून काय मिळवलं?

आज सकाळी आपल्याच ग्रुपवर तो व्हिडिओ आला. जातीवरून गलिच्छ पोस्ट टाकणाऱ्या एका पोराला आपल्याच विचारांच्या मुलांनी चौकात गाठलंय. त्याच्या पायात एकच चप्पल, कान धरलेले, मागून कुणीतरी टपल्या मारतंय. आणि खाली आपली माणसं लिहितात, 'असंच पाहिजे', 'यांना हीच भाषा कळते'. डोकं फिरलंय माझं.

त्या पोराबद्दल मला काडीची सहानुभूती नाही. पोस्ट वाचून किळस आली. पण म्हणून हे?

जानेवारी १९९३, मुंबईत दंगली पेटलेल्या. आम्ही लालबागला चाळीत राहायचो. तळमजल्यावर एक मुसलमान शिंप्याचं कुटुंब होतं. रात्री जमाव आला तेव्हा चाळीतले पुरुष बॅटी, हॉकी स्टिक घेऊन गेटवर उभे राहिले. नाकासमोर चालणारे माझे बाबा हातात धोपाटणं घेऊन ओरडले, "पुढे याल तर डोकी फोडीन!" जमाव परत गेला.

ती हिंसा असेल तर असू दे. मला तिचा अभिमानच आहे. ज्याच्या दारात झुंड आलीय त्याला अहिंसेचे धडे कुणी देऊ नयेत. कायदाही स्वतःचा आणि दुसऱ्याचा जीव वाचवायचा हक्क मानतो.

पण दुसऱ्या दिवशी चाळीतल्याच पोरांनी त्याच बॅटी पुन्हा उचलल्या. जमावाच्या म्होरक्याचं दुकान पलीकडच्या गल्लीत होतं, ते फोडायचं होतं. बाबांनी आतून गेटला कुलूप घातलं. शिव्या खाल्ल्या, 'भेकड' म्हणवून घेतलं, पण किल्ली दिली नाही. त्या दुकानाच्या माळ्यावर त्या माणसाची म्हातारी आई राहायची, हे पोरांनाही माहीत होतं.

चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने त्या दंगलींत ९०० मृत्यू नोंदवलेत. मारणाऱ्यांपैकी किती जणांना वाटलं असेल की आपण फक्त हिशेब चुकता करतोय?

'मग गप्प बसायचं का?' असं मला विचारणाऱ्यांनी महाड आठवावं. २० मार्च १९२७ला बाबासाहेब आंबेडकरांच्या परिषदेला आलेले दलित चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर, हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली आणि मंडपात जेवणाऱ्यांवर लाठ्या पडल्या. परिषदेत लष्करातून निवृत्त झालेले कितीतरी जण होते, मारामारी त्यांना नवी नव्हती. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. डिसेंबरात महाडलाच पुन्हा येऊन मनुस्मृती जाळली, तळ्याचा दावा हायकोर्टापर्यंत लढवला, १९३७ साली जिंकला. म्हणा त्यांना भेकड!

हो, मान्य आहे, पोलीस तक्रार घेताना टाळाटाळ करतात आणि कोर्टात आयुष्य जातं. दाभोलकरांचा खून २०१३चा, निकालाला २०२४ उजाडलं.

मारणाऱ्यांतला एक मुलगा लहानपणी आमच्याकडे अभ्यासाला यायचा. शाळेत त्याला काय काय ऐकावं लागलं ते मला ठाऊक आहे. त्याचा राग मी खोटा कसा म्हणू? पण बाळा, उद्या त्या पोराच्या गळ्यात हार पडतील, त्याच्यासाठी मोर्चा निघेल, आणि त्याने काय लिहिलं होतं हे कुणी विचारणारही नाही. केस मात्र तुझ्यावर होईल. बाबा गेटला कुलूप घालून उभे होते ते त्या पोरांसाठीसुद्धा, हे मला फार उशिरा कळलं.

पोस्टचे स्क्रीनशॉट मी जपून ठेवलेत. सोमवारी अकरा वाजता तक्रार द्यायला जातेय. पोलीस ठाण्यात घेतली नाही तर तिथूनच वरच्या साहेबांकडे. सोबत कोण येतंय, कमेंटमध्ये लिहा.