हीटर सोडून सगळं मिळतं

जुना पिकअप ट्रक पाळणाऱ्या माणसाला एक गोष्ट फार लवकर कळते, की जे जे लांबून दिसतं ते सगळं नवंकोरं मिळतं. पुढची जाळी मिळते, बंपर मिळतो, कंपनीच्या नावाची अक्षरं तर सुटी सुटी मिळतात, मागच्या हौद्याच्या लाकडी फळ्यासुद्धा मापात कापून, भोकं पाडून घरपोच येतात. आणि जे डॅशबोर्डखाली, अंधारात, ड्रायव्हरच्या गुडघ्याच्या वर कुठेतरी लपून बसलेलं असतं ते मिळत नाही. हीटर नेमका तिथेच असतो.

याला कारण आहे. पिकअप ही मुळात राबायची गाडी, तिच्यात बसणाऱ्याला थंडी वाजेल असं बनवणाऱ्यांच्या फारसं मनातच नव्हतं. १९५० च्या दशकात अमेरिकेत ट्रक घेताना हीटर हा वरचे पैसे मोजून घ्यायचा प्रकार होता, आणि बऱ्याच जणांनी ते पैसे वाचवले. ज्यांनी घेतला त्यांच्यातही दोन जाती. एक साधा, केबिनमधलीच हवा गरम करून परत तोंडावर मारणारा, आणि दुसरा डीलक्स, बाहेरची ताजी हवा आत ओढणारा. एकाचा पार्ट दुसऱ्याला बसत नाही, पण विकणाऱ्याने मोबाईलवर काढलेल्या अंधुक फोटोत दोघे सख्खे जुळे भाऊ दिसतात.

तसं त्या काळच्या लोकांचं धाडस पाहता आपण तक्रार करू नये म्हणा. साऊथ विंड नावाचा एक हीटर होता, तो चक्क पेट्रोल जाळायचा, म्हणजे गाडीच्या आत, आपल्या पायापाशी, बंद डबीत का होईना पण पेट्रोल पेटलेलं असायचं आणि माणसं वर हात शेकत गाणी म्हणत जायची. माझा हीटर त्यामानाने सज्जन आहे, इंजिनचं गरम पाणी एका छोट्या रेडिएटरमधून फिरतं, मागून पंखा हवा मारतो, संपलं. त्या छोट्या रेडिएटरला हीटर कोअर म्हणतात. एवढीच भानगड, बिघडायला काय जागाच नाही असं कोणालाही वाटेल.

लक्षणं अशी होती की समोरच्या काचेवर आतून तेलकट धुकं धरायचं, कितीही पुसा, आणि केबिनभर एक गोडूस वास. बायको म्हणाली, सेंट मारलायस का? म्हटलं सेंट कसला, कूलंट आहे, इंजिन गार ठेवणारं पाणी. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारीही, कुत्रीमांजरं चाटून जातात म्हणून सांडलेलं तसंच ठेवायचं नसतं. शेजारच्या सीटखालची चटई हात लावून बघितली तर चिकट ओली. म्हणजे कोअर गळतोय. आता गंमत अशी, की इंजिनकडून दोन होज (रबरी पाईप) येतात ते दोन्ही हाताला गरम लागले तर पाणी फिरतंय, एक गरम आणि एक गार असेल तर कोअर गाळाने तुंबलाय. माझ्याकडे एक गरम, एक गार, आणि वर गळती. म्हणजे जिथून जायला पाहिजे तिथून जात नव्हतं आणि जिथून जायला नको तिथून बिनबोभाट चाललं होतं, हे वाचून कोणाला आपलं ऑफिस आठवलं तर तो दोष माझा नाही.

सगळे एकमुखाने म्हणाले, दोन्ही होज एकमेकांना जोडून टाक, हीटरला वळसा, विषय बंद. हा सल्ला देणाऱ्याच्या गाडीत हीटर चालू असतो, हे मी नीट पाहून ठेवलंय.

तर हीटर काढायचा. त्यासाठी सीटवर उताणं पडून डोकं पेडलपाशी न्यायचं, पाय सीटच्या पाठीवर चढवायचे, आणि स्टीअरिंग बरगडीत रुतवून घ्यायचं. या आसनात असं दिसतं की हीटरचा डबा नटांवर लटकलाय, पैकी एक नट दिसतो पण हात पोचत नाही, दुसऱ्याला हात पोचतो पण तो दिसत नाही, आणि तिसरा बोनेट उघडून पलीकडून सोडवायचाय, म्हणजे कोणीतरी पलीकडे पाना धरून उभं पाहिजे. बायको उभी राहिली. "धरलाय?" "धरलाय." "मग फिरतोय का?" "तूच फिरवतोयस ना?" असा संवाद बराच वेळ चालला. मधेच डिफ्रॉस्टरच्या पाईपला कोपर लागलं. तो पाईप म्हणजे तारेच्या वेटोळ्यावर गुंडाळलेला जाड कागद, इतकी वर्षं काचेपर्यंत गरम हवा नेत आलेला, तो माझ्या चेहऱ्यावर भुगा होऊन उतरला आणि पाठोपाठ उंदराचं घरटं. घरट्यात सीटचा कापूस होता. सीटला भोक कुठून पडलं हा माझा जुना प्रश्न सुटला.

आता शोधाशोध. जुन्या कॅटलॉगमध्ये कोअरचा नंबर सापडला, आनंदाने फोन केला तर कळलं की तो नंबर बदलून दुसरा झालाय. दुसरा सांगितला तर त्याच्या जागी तिसरा आलाय. तिसऱ्याचं उत्पादन बंद. म्हणजे मूळ नंबर बंद झाल्याचं कळायलाही मला दोन पिढ्या उतरून जावं लागलं. मग एक विकणारे गृहस्थ भेटले.

"चालू कंडिशन आहे साहेब."

"चालू म्हणजे टेस्ट केलाय?"

"काढला तेव्हा चालू होता."

"काढला कधी?"

"ते वडिलांना विचारायला लागेल."

शेवटी माझाच कोअर दुरुस्त करायचा ठरलं. जुने कोअर पितळ-तांब्याचे असतात, त्यांना सोल्डर मारता येतो, ही एक चैन त्यांच्यात आहे. रेडिएटरवाल्या म्हातारबांनी एक तोंड बंद केलं, दुसऱ्याला हवा लावली आणि कोअर टबात बुडवला. एका कोपऱ्यातून टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे, एकामागे एक, अगदी रांगेत. मला वाटलं एवढंसंच, पण म्हातारबांनी मलाच झापलं, "रेडिएटरचं झाकण किती पौंडाचं लावलंय?" झाकणावर १५ लिहिलेलं. त्या काळच्या कित्येक ट्रकांना ४ किंवा ७ पीएसआयचं (म्हणजे चौरस इंचाला तेवढ्या पौंडांच्या दाबाचं) झाकण असायचं, आणि आधीच्या मालकाने जास्त प्रेशर म्हणजे जास्त भारी म्हणून नव्या गाडीचं ठोकून दिलेलं, त्या प्रेशरने बिचाऱ्या म्हाताऱ्या सोल्डरचे सांधे उसवले. आधीचा मालक हा जुन्या गाडीचा फार उपयोगी पार्ट आहे. तो कायम उपलब्ध असतो आणि सगळीकडे बसतो.

पंख्याच्या मोटरमध्येही तोच. शेवरोलेने १९५५ ला आणि फोर्डने १९५६ ला ६ व्होल्ट सोडून १२ व्होल्ट धरलं, माझा ट्रक त्याच्या आधीचा, म्हणजे मूळचा ६ चा, पण याच महापुरुषाने सगळी वायरिंग १२ ची केली आणि हीटरची मोटर तेवढी ६ चीच ठेवली. ती एकाच स्पीडला चालायची, तुफान, आणि मग एक दिवस जळाली. ६ ची दुसरी मोटर मिळाली (ही एक गोष्ट पटकन मिळाली, म्हणून मला संशयच आला होता), तिच्या वाटेत व्होल्टेज पाडणारा रेझिस्टर टाकला, आणि तो हवेच्या झोतातच बसवायचा असतो नाहीतर तापून लाल होतो. पहिले काही दिवस अख्ख्या हीटरमध्ये सगळ्यात गरम काही होतं तर तो रेझिस्टर.

पण चाललं. कोअर बसला, मोटर फिरली, पायावर खरीखुरी गरम हवा आली. बायकोने हातमोजे काढले, मफलर काढला, जॅकेट काढलं, मग म्हणाली, आता कमी कर जरा. लिव्हर मागे ओढला. काही नाही. परत ओढला. हवा तशीच, भट्टीसारखी.

कमीजास्त करायला पाण्याच्या वाटेत एक व्हॉल्व्ह असतो, त्याला तांब्याची केसाएवढी बारीक नळी, आत वायू भरलेला. केबिन तापली की वायू फुगतो आणि व्हॉल्व्ह आपोआप बंद करतो, त्या काळात असली अक्कल एका नळीत भरायची म्हणजे कमालच. नळीला चीर गेली की वायू निघून जातो आणि व्हॉल्व्ह उघडा तो उघडाच. आता आम्ही भर थंडीत दोन्ही काचा खाली करून फिरतो, आणि फार झालं तर गाडी बाजूला घेऊन, बोनेट उघडून, होजला चिमटा लावून येतो.

काल व्हॉल्व्हवाल्याचा फोन आला. म्हणाला, एकदम ओरिजिनल पीस आहे, डबी सकट, कुठे गंज नाही, फक्त ती बारीक नळी तेवढी तुटलीये.

म्हटलं, कोणाला देऊ नका, निघतोच.