शंभर डॉलरचा आमदार आणि सांगोल्याचे आबा

गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवा चुलतभावाने मी राहतो त्याच राज्याचा दाखला दिला. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये आमदाराला वर्षाला फक्त १०० डॉलर मिळतात, मग आपल्या आमदारांना पगार आणि पेन्शन कशाला? खाली अंगठ्यांची रांग लागली. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी कर्मचारी संपावर गेले, तेव्हापासूनचा हा राग आहे. आयुष्यभर शिकवणाऱ्या मास्तराला तेव्हा हमी नव्हती आणि आमदाराला एका टर्मवर पेन्शन, हे कुणालाही झोंबेल. पेन्शनचे नियम जरूर बदला. पगार मात्र काढू नका.

दाखला खरा आहे. १८८९ पासून रक्कम तीच. पण इथल्या प्रतिनिधीगृहात ४०० सदस्य आहेत आणि राज्याची वस्ती चौदा लाखांच्या आसपास. म्हणजे साडेतीन हजार माणसांमागे एक आमदार. आपल्याकडे २८८ जण. २०११ च्या जनगणनेवर भागाकार केला तर एकेकाच्या वाट्याला जवळपास चार लाख लोक येतात. ते अर्धवेळचं काम नव्हे.

इथलं घेण्यासारखं वेगळंच आहे. शाळांच्या निधीच्या एका विधेयकावर बोलायला मी इथल्या राजधानीत, काँकर्डला गेलो होतो. दारात एक कार्ड भरलं, दोन तास थांबलो, तीन मिनिटं बोललो. समितीतल्या एका आजींनी मला मधेच थांबवून आकडा पुन्हा विचारला आणि पेन्सिलीने वहीत लिहून घेतला. इथे प्रत्येक विधेयकावर जनसुनावणी होते. ही सोय मुंबईत आणा म्हणून भांडा, मी सोबत आहे.

पण त्याच खोलीत मान वळवून पाहिलं, तर बहुतेक डोकी पांढरी. आमच्या भागातल्या बाई सरळ म्हणाल्या, "नोकरी संपली म्हणून उभी राहिले, आधी परवडलंच नसतं." दोन पोरांची शाळा आणि घराचा हप्ता असलेला माणूस १०० डॉलरवर काय करणार?

आम्ही सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचे, आमच्यासाठी आमदार म्हणजे आबा. गणपतराव देशमुख १९६२ मध्ये पहिल्यांदा निवडून आले आणि ती धरून एकूण ११ वेळा, तेही शेतकरी कामगार पक्षासारख्या (शेकाप) लहान पक्षातून. १९९५ मध्ये १९२ मतांनी पडले, १९९९ ला परत आले, मंत्री झाले. एसटीत आमदारांसाठी राखीव आसन असतं. आमच्या तालुक्यात त्यावर खरोखर आमदार बसायचा. दुष्काळी तालुक्यात त्यांनी सहकारी सूतगिरणी उभी केली, टेंभू सिंचन योजनेच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षं भांडले. ३० जुलै २०२१ ला ते गेले, तेव्हा मी इथे दिवसभर फोन घेऊन बसलो होतो.

ग्रुपवर लोक म्हणतात, बघा, आबांना पैसा लागला नाही. हे मला पटत नाही. त्यांना पैशाचा मोह नव्हता, पण घर त्यांनाही होतं. विधानसभेच्या उमेदवाराला अधिकृत खर्चमर्यादाच ४० लाखांची आहे. त्यात पगारही काढला, तर मैदानात कारखानदार आणि ठेकेदार तेवढे उरतील.

माझा पुतण्या तालुका कोर्टात वकिली करतो. पंचायत समितीपासून सुरुवात करायची म्हणतो. ग्रुपवरचा तो मेसेज वाचून त्याने मला रात्री फोन केला. म्हणाला, "काका, तुम्ही सगळे म्हणताय फुकट काम करा. मग मी उभा राहू की नको?"