क-२ या श्रेणीआड काय दडते

माझ्या चौथीच्या वर्गात बौद्धिक अक्षमता असलेला एक मुलगा होता. त्याला हातच्याची बेरीज येत नव्हती, तरीही वर्षअखेरीस मी त्याला गणितात क-२ श्रेणी दिली, म्हणजे ४१ ते ५० टक्के. त्याहून खालची श्रेणी दिली असती तर वरून विचारणा झाली असती, आणि खरे सांगायचे तर त्याच्या आईकडे पाहून माझा हातही धजावला नाही. आज निवृत्तीनंतर वाटते की, ती माया नव्हती, पळवाट होती.

प्रवेशाचा प्रश्न कायद्याने बराचसा सोडवला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ या वयात जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकता येते. अडचण प्रवेशानंतर सुरू होते. चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधला की नाही, हे निदान डोळ्यांना दिसते. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी मात्र धडाच बदलावा लागतो, आणि तो बदलला की नाही हे कोणत्याही तपासणीत दिसत नाही. प्राथमिक स्तरावर विशेष गरजा असलेल्या दहा विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले. आमच्याकडे येणारे फिरते विशेष शिक्षक कळकळीचे होते, पण त्यांच्याकडे इतक्या शाळा होत्या की महिन्यातून एखादा तास मिळाला तरी आम्ही समाधान मानत असू. उरलेले दिवस तो मुलगा शेवटच्या रांगेत चित्रे रंगवत बसे. हजेरीपटावर तो रोज हजर होता.

त्याला काही येत नव्हते असे मात्र नाही. पोषण आहाराच्या वेळी आलेली मुले मोजून तेवढीच ताटे मांडणे, कोणाचे ताट राहिले ते ओळखणे आणि खिचडी संपत आली की स्वयंपाकाच्या मावशींना सांगणे, ही कामे तो चोख करी. हे गणितच होते. फक्त पुस्तकातले नव्हते. तिथूनच पुढे नाणी, सुटे पैसे, घड्याळ असा त्याचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा उभा राहू शकला असता. तसा आराखडा करायचा असतो हे मला ठाऊक होते. सदतीस मुलांच्या वर्गात तो कधी करायचा, हे मला कोणी शिकवले नव्हते आणि मीही हट्टाने विचारले नाही.

आठवीपर्यंत अशी मुले वर सरकत राहत आणि नववीत शाळा सुटे. २०२३ पासून राज्यात पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आली आहे. या मुलांची परीक्षा त्यांच्या आराखड्यावर घ्यावी, सर्वांच्या प्रश्नपत्रिकेवर नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. अन्यथा उरतात नापासाचा शिक्का किंवा माझ्यासारख्यांनी वाटलेले कृपागुण. पालकांनी विशेष शाळा निवडली तर त्यात कमीपणा नाही. पण आमच्या शाळेने त्यांना तिकडे ढकलले असेल, तर ती निवड म्हणता येणार नाही.

प्रगतिपुस्तकात वर्णनात्मक नोंदींचा रकाना तेव्हाही होता. मी त्यात बाजारात मिळणाऱ्या तयार नोंदींच्या पुस्तिकेतून ‘प्रगती समाधानकारक’ असे उतरवले. ताटांबद्दल एक ओळही लिहिली नाही.