तीन वर्षांच्या रिटर्नची दहापट भरपाई? असा नियम कायद्यात नाही

एक मेसेज गेली कित्येक वर्षं फिरतोय, आणि एखादा मोठा अपघात झाला की तो नव्याने येतो. मजकूर थोडक्यात असा: 'अपघाती मृत्यू झालेल्या व्यक्तीने मागची तीन वर्षं आयकर रिटर्न भरले असतील, तर त्या तीन वर्षांच्या सरासरी उत्पन्नाच्या दहापट रक्कम कुटुंबाला द्यायला सरकार बांधील आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १६६. लोकांना माहीत नसल्याने कुणी दावा करत नाही. पुढे पाठवा.' सोबत सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३च्या एका निकालाचा क्रमांक असतो, त्यामुळे खोटं वाटत नाही. पाठवणाऱ्याचा हेतूही चांगलाच असतो. पण ज्या घरातला माणूस गेलाय त्या घराने यावर विसंबून राहिलं तर त्यांचंच नुकसान होतं. सगळ्यात जास्त होतं ते ज्याने आयुष्यात कधी रिटर्न भरला नाही, त्याच्या बायकामुलांचं.

'सरकार बांधील आहे' इथपासूनच चूक आहे. कलम १६६ सांगतं की भरपाईचा अर्ज कुणी आणि कुठे करायचा. पैसे द्यायचे असतात ते ज्या गाडीच्या चुकीने अपघात झाला तिच्या चालक-मालकाने, आणि त्यांच्या वतीने विमा कंपनीने. थर्ड पार्टी विमा सक्तीचा केलाय तो यासाठीच. एसटीने धडक दिली तर महामंडळ पैसे देतं, पण गाडीचा मालक म्हणून. धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही, तर हिट अँड रन योजनेतून मृत्यूसाठी २ लाख रुपये मिळतात. त्याचा अर्ज तहसीलदार किंवा प्रांत कार्यालयात करायचा असतो. त्याचा रिटर्नशी काहीही संबंध नाही.

आता 'दहापट'. कलम १६६ मध्ये दहा हा आकडा नाही आणि तीन वर्षांची सरासरीही नाही. हिशेब कसा करायचा ते सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या दोन निकालांत ठरवून दिलंय. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातले वकील दिवसभर हीच दोन नावं घेत असतात. वार्षिक उत्पन्न धरायचं, माणूस पुढे जास्त कमावू शकला असता म्हणून त्यात वाढ द्यायची, तो स्वतःवर जे खर्च करत होता ते वजा करायचं आणि उरलेल्या रकमेला त्याच्या वयाप्रमाणे गुणक लावायचा. पंधरा ते पंचवीस या वयात गुणक १८ असतो. वय वाढेल तसा तो उतरत जातो आणि पासष्टीनंतर ५ वर येतो.

समजा, ३४ वर्षांचा गवंडी आहे, महिन्याला १५,००० कमावणारा. मागे बायको, दोन मुलं आणि आई. वर्षाचे झाले १,८०,०००. पगारी कायम नोकरी नाही आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून वाढ ४० टक्के: २,५२,०००. अवलंबून असलेले चार जण, म्हणून स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा: १,८९,०००. गुणक १६. रक्कम होते ३०,२४,०००. शिवाय सहवास गमावल्याबद्दल, अंत्यविधीसाठी आणि मालमत्तेच्या हानीपोटी ठरावीक रकमा मिळतात, आणि अर्जाच्या तारखेपासून साधारणपणे व्याजही. मेसेजच्या हिशेबाने याच घराला १८ लाख मिळाले असते. म्हणजे मेसेज वाचून तडजोडीला बसलेली बाई 'हक्काचे १८ लाख' मिळाले म्हणून समाधानाने सही करेल आणि बारा लाखांवर पाणी सोडून घरी येईल.

उलटंही होतं. तेवढंच कमावणारा माणूस ५८ वर्षांचा असेल आणि मागे बायको व आई अशा दोघीच असतील, तर वाढ १० टक्के, वजावट एक तृतीयांश, गुणक ९. रक्कम ११,८८,००० होते. इथे मेसेजने खोटी आशा लावलेली असते आणि मग वकिलानेच पैसे खाल्ले असा संशय घरात घर करतो.

मला सगळ्यात घातक वाटतो तो रिटर्नचा भाग. रिटर्न हा उत्पन्नाचा भक्कम पुरावा आहे यात वाद नाही, आणि भरणाऱ्याने तो वेळच्या वेळी भरावाच. पण ती दाव्याची अट नाही. या देशात रस्त्यावर मरणाऱ्यांत मजूर, शेतकरी, रिक्षावाले, शिकणारी मुलं, घर सांभाळणाऱ्या बायका असतात. 'आमच्याकडे कुठला रिटर्न, आम्हाला काय मिळणार,' असं म्हणून ही माणसं गप्प बसतात. न्यायाधिकरण पगारपत्रक बघतं, मालकाची साक्ष घेतं, पासबुकातल्या दरमहाच्या नोंदी बघतं. कंत्राटदाराच्या हजेरीवहीचं पान, दूध डेअरीची बिलं, रिक्षाचं परमिट आणि तिच्या कर्जाचे नियमित भरलेले हप्ते, हे सगळं तिथे कामाला येतं. यातलं काहीच नसेल तर किमान वेतनाचा आधार घेऊन उत्पन्न धरलं जातं. गृहिणीच्या घरकामाचंही मोल धरून भरपाई द्यायची, आणि त्यावर भविष्यातली वाढही धरायची, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केलंय. लहान मूल गेलं तरी दावा होतो. मात्र माणूस गेल्यावर घाईघाईने मागच्या वर्षांचे रिटर्न भरून टाकायचे, हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. अशा रिटर्नकडे न्यायालय संशयाने बघतं आणि खऱ्या पुराव्यांवरचाही विश्वास उडतो.

'कुणी दावा करत नाही' हेही खरं नाही. जिल्ह्याजिल्ह्यात मोटार अपघात दावा न्यायाधिकरणं आहेत आणि तिथे हजारो कुटुंबं रांगेत आहेत. दावे फसतात ते अनेकदा चूक सिद्ध न झाल्यामुळे. कलम १६६ खाली समोरच्याचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. मृताचीही काही चूक ठरली तर तेवढ्या प्रमाणात रक्कम कमी होते. चूक सिद्ध करणं शक्यच नसेल तर कलम १६४ आहे: मृत्यूसाठी ५ लाख, कुणाची चूक हा प्रश्नच न विचारता. आणि फौजदारी खटल्यात ड्रायव्हर सुटला म्हणून भरपाईचा दावा आपोआप संपत नाही. दोन्हींच्या पुराव्याची कसोटी वेगळी आहे.

एलआयसीचे पैसे मिळाले म्हणून भरपाई कापली जाईल, ही भीतीही सोडून द्या. महाराष्ट्राच्याच एसटी महामंडळाविरुद्धच्या एका दाव्यात १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आयुर्विम्याची रक्कम यातून वजा करता येत नाही.

मेसेजमध्ये जे असायला हवं होतं ते नेमकं नाही: मुदत. २०१९च्या दुरुस्तीनुसार, १ एप्रिल २०२२ पासून, अपघातानंतर सहा महिन्यांत अर्ज करायचा आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलंय, पण त्या भरवशावर थांबू नका. अर्ज अपघाताच्या ठिकाणीच करावा लागतो असंही नाही, तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणातही चालतो. पहिल्या महिन्यातच पोलीस ठाण्यातून एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि धडक देणाऱ्या गाडीच्या विमा पॉलिसीची प्रत मागून घ्या. ज्यांनी अपघात डोळ्यांनी पाहिला त्यांचे फोन नंबर लिहून ठेवा. विमा कंपनीकडून कुणी तडजोडीचा कागद घेऊन आलं, तर वर दाखवलेला हिशेब आधी स्वतः मांडून बघा, आणि तोवर सही करू नका.