नस्ती बंद करताना वर्ग कोण लिहितो?

‘सदर अभिलेख या कार्यालयात आढळून येत नाही’ हे एका ओळीचे उत्तर कधीच न मिळालेला माणूस आपल्याकडे विरळाच. असे उत्तर आले की आपण वाळवीला, गळक्या छपराला किंवा अपुऱ्या जागेला दोष देतो. माझ्या मते मात्र बहुतेक कागद अभिलेख कक्षात पोचण्याआधीच, नस्ती म्हणजे प्रकरणाची फाइल बंद होताना टेबलावरच हरवतात.

नियम चोख आहेत. प्रकरण निकाली निघाले की संबंधित लिपिकाने पानांना क्रमांक द्यायचे, निरुपयोगी कागद काढायचे आणि नस्तीवर अ, ब, क, क-1 किंवा ड यांपैकी एक वर्ग लिहायचा. महसूल आणि जिल्हा परिषदेच्या कार्यालयांत रूढ असलेल्या, कागद जपून ठेवण्याच्या मुदतींप्रमाणे अ वर्ग कायमचा, ब 30 वर्षांचा, क 10 वर्षांचा, क-1 5 वर्षांचा आणि ड साधारण वर्षभराचा. टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत विभागून ठेवण्याच्या ‘सहा गठ्ठे पद्धती’त तर अभिलेख कक्षात पाठवायच्या प्रकरणांचा गठ्ठाच वेगळा असतो. अहमदनगरचे जिल्हाधिकारी असताना अनिलकुमार लखिना यांनी 1980च्या दशकात कार्यालयाला जी शिस्त लावली, ती पुढे ‘लखिना पॅटर्न’ म्हणून राज्यभर गेली.

प्रत्यक्षात वर्गाचा रकाना कोरा राहतो. ज्याने प्रकरण हाताळले त्यालाच त्यातला कोणता कागद मोलाचा हे ठाऊक असते, पण त्याची बदली होते आणि वरिष्ठांची तपासणी जवळ आली की निंदणीकरणाचे, म्हणजे निरुपयोगी कागद निवडून काढण्याचे काम नव्या माणसाच्या गळ्यात पडते. कागद जास्त ठेवला म्हणून कोणी जाब विचारत नाही, या हिशेबाने तो सगळेच बांधून ठेवतो. किंवा जागा हवी म्हणून सगळेच रद्दीत काढतो. एका जुन्या फेरफारासाठी तालुक्याच्या एका कार्यालयात गेलो असता माझ्यासमोर जो लाल कापडाचा गठ्ठा सोडला गेला, त्याच्या पुठ्ठ्यावर केवळ ‘किरकोळ, जुने’ असे लिहिले होते. आत हजेरीपट होते, प्रवासभत्त्याची बिले होती आणि त्यांच्यामध्ये दुसऱ्याच एका गावाचे फेरफार होते. त्या गावचा कोणी शेतकरी नकलेचा अर्ज घेऊन आला असता, तर त्यालाही ‘आढळून येत नाही’ हेच उत्तर मिळाले असते.

जपलेल्या कागदाची किंमत 2023 मध्ये सर्वांनी पाहिली. आरक्षणाविषयी आपले मत काहीही असो, न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जन्म-मृत्यूच्या नोंदींची कोतवाल बुके आणि शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरे बाहेर काढावी लागली, मोडी वाचणारे आणि मराठवाड्यात उर्दू जाणणारे शोधावे लागले. ज्या कार्यालयांत ही दप्तरे गावनिहाय लावलेली असतील, तिथले काम किती हलके झाले असेल याची कल्पना करता येते.

21 जून 2012 रोजी मंत्रालयाला आग लागली आणि संगणकीकरणाची निकड सर्वांना पटली. ते आवश्यकच आहे. परंतु ‘किरकोळ, जुने’ हा गठ्ठा जसाच्या तसा स्कॅन केला तर त्याची पीडीएफही किरकोळ आणि जुनीच राहणार, आणि ई-ऑफिस या संगणकीय नस्तीप्रणालीत विषयाच्या रकान्यात ‘पत्रव्यवहार’ एवढेच लिहिले तर शोधयंत्रालाही काही सापडणार नाही.

कायद्याचा धाक नाही असे मुळीच नाही. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 नुसार प्रत्येक कार्यालयाला अभिलेख अधिकारी नेमावा लागतो आणि विहित पद्धत सोडून अभिलेख नष्ट केल्यास 5 वर्षांपर्यंत कैद, 10 हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. माहिती अधिकार कायद्याचे कलम 4 अभिलेख सूचीबद्ध ठेवायला सांगतेच. शिक्षेची तरतूद आणखी कडक करावी असे मला वाटत नाही. त्यापेक्षा बदली झालेल्या कर्मचाऱ्याला कार्यमुक्त करण्यापूर्वी त्याच्या टेबलावरच्या निकाली नस्त्यांचे वर्गीकरण झाल्याचा दाखला कार्यालयप्रमुखाने द्यावा, एवढा एकच नियम काटेकोर पाळला तरी पुष्कळ काम होईल.

तोवर, ज्यांना ‘आढळून येत नाही’ असे उत्तर आले आहे त्यांनी माहिती अधिकारात पुन्हा अर्ज करून त्या नस्तीची अभिलेख नोंदवहीतील नोंद, तिला दिलेला वर्ग आणि ती नष्ट केली असल्यास नष्टीकरणाच्या आदेशाची प्रत मागावी, आणि अभिलेख अधिकारी कोण आहेत हेही त्याच अर्जात विचारावे.